मागच्या मण्याला हाक

खारगिरीच्या किनाऱ्यावर एक नियम आहे. समुद्रावर निघालेल्या माणसाला पाठीमागून हाक मारायची नाही. डबा विसरला असेल, जाळं अर्धवट गुंडाळलेलं असेल, सदरा उलटा घातला असेल, तरी नाही. बायका वाळूवर उभ्या राहतात, तोंड घट्ट मिटतात, आणि होडी लाटेपलीकडे गेली की घरी येऊन त्या विसरलेल्या डब्यातलं कालवण दुपारी आपणच संपवतात. उपाशी घोव संध्याकाळी भांडतो, पण परत येऊन भांडतो, हे महत्त्वाचं.

स्वानंदी कोयंडे याच गावची. पुण्याला संगणकशास्त्र शिकली, चार वर्षं परदेशी राहिली आणि समुद्राखाली माळ घालायचा प्रकल्प आला तेव्हा तो आपल्याच गावाला मिळावा म्हणून भांडून परत आली. या माळेतसुद्धा तिनं तो नियम पाळला. नाइलाजानं पाळला असं ती म्हणे. तिच्या आईचं, सुनेत्राबाईंचं, मत वेगळं होतं. त्या मच्छीमार महिला संस्थेच्या अध्यक्ष, आणि नियमासाठी बैठकीत टेबलावर हात आपटणाऱ्या त्याच होत्या.

माळ म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. पाण्यात रेडिओच्या लहरी दोन हात गेल्या की गुदमरतात. आवाज मात्र लांबवर जातो, हवेपेक्षा चौपट वेगानं. म्हणून किनाऱ्यापासून खोल समुद्रापर्यंत, किलोमीटर-किलोमीटरवर, नारळाएवढ्या गोल पेट्या तळाशी सोडलेल्या. गावानं त्यांना मणी म्हटलं. शंभरावर मणी होते. प्रत्येक मण्याचा एक स्वतःचा सूर. तो सूर कानावर पडला तरच मणी जागा होणार, नाही तर बॅटरी वाचवत झोपून राहणार. आणि प्रत्येक मण्याला एकच सूर ठाऊक, तो म्हणजे पुढच्या मण्याचा. पहिला दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत निरोप शेवटच्या मण्यापर्यंत जातो. तिथून एक तरंगता बोया तो उपग्रहाकडे फेकतो आणि उपग्रह तो स्वानंदीच्या खोलीतल्या पडद्यावर आणून टाकतो.

मागच्याचा सूर मण्याला का सांगितला नाही? कारण समुद्रावर जाणाऱ्या होड्या माळेच्या माथ्यावरूनच जात आणि होडीवरच्या यंत्रात मण्यांच्या हाका ऐकू येत. "पुढसून हाक इली तर इली," सुनेत्राबाई बैठकीत म्हणाल्या होत्या, "पण पाठसून हाक मारणारा यंत्र आमच्या दर्यात नको." प्रकल्पाला पैसे देणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी हिशेब केला. एकच सूर लक्षात ठेवायचा तर मणी स्वस्तात होत होते. साहेब लगेच परंपरेचे अभिमानी झाले.

संगणकाच्या भाषेत अशा रचनेला जोडयादी म्हणतात. डोकं हातात असतं, बाकीची सगळी शेपूट. शेपटातलं काही हवं असेल तर डोक्यापासून चालत जायचं, दुसरा रस्ता नाही. स्वानंदीला ही रचना आवडायची. तिचं सगळं शिक्षण फंक्शनल पद्धतीतलं, म्हणजे एकदा लिहिलेलं पुसायचं नाही, बदल हवा तर नवं बनवायचं आणि जुन्यातलं जमेल तितकं तसंच वापरायचं. मण्यांची स्मृतीही तशीच होती. लिहिलं की कायमचं. मणी स्वतः काही ठरवत नसे. काय करायचं ते निरोपाबरोबरच येई, मणी तेवढं करी आणि झोपी जाई.

पहिल्या वर्षी मात्र माळेनं तिला रडवलं. प्रश्न साधा होता, पाणी किती तापलंय त्याची बेरीज करा. पहिला मणी दुसऱ्याला म्हणे, तू पुढचं सगळं सांग, मग मी त्यात माझं मिळवतो. दुसरा तेच तिसऱ्याला. झालं! उत्तर शेवटून परत येईपर्यंत सगळे मणी अर्धवट काम हातात धरून टक्क जागे. प्रश्नानं पन्नास मणी ओलांडले की बॅटऱ्या माना टाकायच्या.

उपाय तिला रापणीवर सुचला. रापण आता वर्षातून एकदा हौसेला ओढतात, पण ओढतात. समुद्रातलं मोठं जाळं दोन दोरांनी किनाऱ्याकडे आणायचं. माणसं दोर धरून मागे मागे सरकतात आणि सगळ्यात मागचा वर पोचला की दोर सोडून परत पाण्याकडे जातो, पुढं धरतो. आपलं काम झालं की कोणी धरून उभा राहत नाही. तसा राहिला असता तर माणसांची रांग हायवेपर्यंत गेली असती. दोर ओढता ओढता स्वानंदी थबकली. बेरीज परत येताना कशाला करायची? जातानाच करावी. प्रत्येकानं आतापर्यंतच्या बेरजेत आपलं मिळवायचं, गाठोडं पुढच्याकडे द्यायचं आणि सरळ झोपायचं. कोणी कोणाची वाट बघायची नाही.

तेव्हापासून माळ सुरळीत चालली. दर अर्ध्या तासाला प्रश्न जाई आणि दहा-बारा मिनिटांत उत्तर येई. वादळाची चाहूल, प्रवाह, माशांचे थवे, सगळं समजे. शिवाय प्रत्येक होडीला एक टोकणी दिली होती. साधा लोखंडी दांडा पाण्यात सोडून हातोडीनं ठोकायचा. वीज गेली, यंत्रं मेली, तरी ठोका खाली जाणार. मणी तो झोपेत टिपून ठेवणार आणि पुढच्या फेरीत मोजणार.

तिचा धाकटा भाऊ तन्मय या सगळ्याला हसायचा. "तुझी माळ म्हणजे आमच्या सरपंचासारी," तो म्हणायचा. "पुढे बघता, पाठी कोण पडलो तेचो पत्तो नाय." चेष्टाच ती. पण स्वानंदीला झोंबली होती, आणि त्या आठवड्यात दोघं एकमेकांशी नीट बोलत नव्हती.

तो फेब्रुवारीचा दिवस होता. अरबस्तानातून धूळ आली होती. ती दर दोन-तीन वर्षांनी येते, आकाश ताकासारखं पांढुरकं होतं आणि समोरचा खडकही दिसत नाही. दुपारपर्यंत सगळ्या होड्या परतल्या. तन्मयची नाही. त्याचा फोन लागत नव्हता. होडीचं ठिकाण दाखवणारा ठिपका पडद्यावरून अर्ध्या तासापूर्वीच नाहीसा झाला होता. धुळीत ड्रोन आंधळे आणि उपग्रहालाही खाली नुसती पांढरी चादर दिसत होती.

प्रश्नाची फेरी पूर्ण झाली आणि पडद्यावर आकडा आला. ठोके मारणाऱ्या होड्या : एक.

"जिवंत आहे!" यशोधन गुरव ओरडला. हा तिचा सहकारी, कोल्हापूरचा, पोहता येत नाही पण समुद्रावर निस्सीम प्रेम.

स्वानंदी हसली नाही. ती त्या एकाकडे बघत राहिली. एक म्हणजे कुठला एक? शंभर किलोमीटरमध्ये कुठे? तिनंच तर शिकवलं होतं मण्यांना, बेरीज द्या आणि विसरा. मण्यांनी इमानेइतबारे विसरून दाखवलं होतं.

पुढची फेरी तिनं जरा बदलून सोडली. बेरजेबरोबर पावलंही मोजत जा, आणि ठोका सापडला की पाऊल कितवं ते लिहा. बारा मिनिटांनी उत्तर आलं. सत्तरच्या पुढचा मणी. म्हणजे मालवाहू जहाजांच्या रस्त्यापासून फार तर दहा किलोमीटर. आणि त्या जहाजांवर आता माणसं नसतात. यंत्र समोरच्या होडीचा ठिपका शोधतं. ठिपका नसला तर त्याच्या लेखी होडीही नसते.

बाबल मेथर तयारच होते. गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालणारे म्हातारे, सत्तरीला आलेले, पण होडी त्यांच्याइतकी जोरात कोणी हाकत नसे. ते दोघा गड्यांना घेऊन निघाले. वाळूवर सगळे गप्प होते. पाठून हाक मारायची नाही.

"तिथं पोचायला त्यांना अडीच-तीन तास," यशोधन म्हणाला. "तोवर तन्मय वाहत जाणार. आपण दर पंधरा मिनिटांनी फेरी सोडू, आणि नवीन जागा कळवत राहू."

"बॅटरी बघ."

यशोधननं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. अर्ध्याहून जास्त मोसम उलटला होता. धुळीमुळे आज सोडलेल्या जादा फेऱ्यांनी चाळिसाव्या मण्याच्या आसपासचे तीन-चार मणी तांबडे दिसत होते. प्रत्येक फेरी डोक्यापासून निघते, म्हणून प्रत्येक फेरीला तेही जागे होतात. आणखी दोन फेऱ्या, फार तर तीन. मधला एक मणी मेला की माळ तिथं तुटली. त्याच्या पुढचे सगळे जिवंत असूनही हाताबाहेर, कारण त्यांचा सूर दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही. आणि तन्मय तुटलेल्या बाजूला असणार.

"कुठल्या मण्याचा सूर काय, हे आपल्याकडे कुठंच नाही?" यशोधननं विचारलं.

"सूर माळ घालतानाच मण्यांत आपोआप भरले जातात. आपण कधी विचारलंच नाही. गरज काय होती?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर सुनेत्राबाई बसल्या होत्या. त्यांच्या हातात जपमाळ होती. जप चालला होता की नुसता चाळा, सांगता येत नव्हतं. मणी अंगठ्याखालून सरकत होते आणि मध्येच दोन मणी उलटे परत येत होते. मन थाऱ्यावर नसलं की माणूस कुठवर आलो ते विसरतो आणि मागचा मणी पुन्हा चाचपून बघतो.

स्वानंदी ते बघत राहिली. आईला पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागत नव्हती. अंगठा मध्ये होता. सरलेले मणी एका बाजूला, उरलेले दुसऱ्या बाजूला, आणि मागचा अंगठ्याला अगदी खेटून. कॉलेजात ती हे शिकली होती. परीक्षेत लिहिलंही होतं, पैकीच्या पैकी मिळवले होते, आणि नंतर पार विसरली होती. एकाच दिशेनं जाणाऱ्या यादीतही मागं येता येतं. फक्त जाताना मागचा प्रत्येक दुवा बरोबर घ्यायचा, नुकताच ओलांडलेला सगळ्यात वर. पुढं जायचं तर त्या ढिगावर एक टाका. मागं यायचं तर वरचा एक उचला आणि पुढच्या बाजूला ठेवा. काही पुसायचं नाही, कुठल्याच मण्याला बदलायचं नाही. कितीही लांब गेलो असलो, तरी एक पाऊल मागं म्हणजे एकच पाऊल.

"यशोधन, आपण प्रश्न पुन्हा पुन्हा सोडायचाच नाही," ती म्हणाली. "शेवटपर्यंत न्यायचाही नाही. एक फेरी सोडू. जाताना तो प्रत्येक मण्याचा सूर गोळा करत जाईल. ठोका मिळेल तिथं थांबेल. मग फक्त पुढच्याला आणि मागच्याला विचारेल, तुझ्याकडे ठोका मोठा ऐकू येतोय का? जिथं मोठा, तिथं सरकेल आणि तिथंच गात राहील. बाबलकाकांचं यंत्र तो सूर पकडेल. अलीकडचे मणी झोपलेले राहतील."

यशोधननं पडद्याकडे बोट केलं. "मग आपल्याला इथं काहीच कळणार नाही. शेवटच्या मण्यापर्यंत निरोपच जाणार नाही."

"नाही कळणार."

"आणि तो मागच्याला हाक मारणार."

स्वानंदीनं आईकडे बघितलं. हा बारा-पंधरा ओळींचा मजकूर होता, अर्ध्या तासाचं काम. कोणाला न सांगता सोडून दिला असता तरी कोणाला कळलं नसतं. पण गावाला शब्द दिला होता, आणि तो मागून घेणारी समोर बसली होती. ती उठून आईजवळ गेली, खाली बसली.

"आये, मी मण्यांका पाठसून हाक मारूक शिकवतंय. तन्मय खयच्या बाजूक व्हावत गेलो ता कळाक दुसरो इलाज नाय."

सुनेत्राबाईंच्या हातातली माळ थांबली. मग म्हणाल्या, "सकाळी तो गेलो तेव्हा मी वाळयेर होतंय."

"माहीत आसा गो."

"बॅटरीच्या पेटयेसून धूर येय होतो. बारीक. दोऱ्यासारो. तो पुढे बघी होतो, तेका दिसलो नाय. माका दिसलो. मी तोंड उघडलंय, बाय. 'तन्म' एवढा म्हटलंय पण. नि मिटलंय."

स्वानंदीला आईचा राग आला, खरंच आला. आणि दुसऱ्याच क्षणी तिला तो तांबड्या मण्यांचा पडदा आठवला. आईनं तोंड मिटलं होतं. तिनं तर शंभर तोंडं अशी घडवली होती की ती उघडताच येऊ नयेत.

"मार हाक," सुनेत्राबाई म्हणाल्या. "माझ्या नावान मार. पाप लागला तर माका लागांदे."

साडेतीनच्या सुमाराला फेरी सुटली. ते तांबडे मणी पार झाले असतील का, हे कळायला मार्ग नव्हता. बारा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटच्या मण्यापर्यंत निरोप गेला असता तर पडद्यावर काही तरी उमटलं असतं. पडदा कोराच राहिला, म्हणजे एक तर प्रश्न भावाजवळ थांबला होता, नाही तर माळ तुटली होती. दोन्हीचं चित्र एकसारखंच. यशोधननं तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा साखर विसरला.

पाचच्या पुढं बाबलकाकांचा रेडिओ खरखरला.

"स्वानंदी, ऐकतंस? मण्याचो आवाज येता. गाता तो. पण पुढे नाय गो, डाव्या अंगाक, आमच्या पाठी! आमी तेका ओलांडून पुढे इलव."

"पुढे जाऊ नका! मागं वळा!"

"होडी व्हावत भायेर गेली मा? मगे तन्मय जहाजांच्याच वाटेर असात."

स्वानंदीनं डोळे मिटले. सगळ्यांचा हिशेब तोच होता, तिचाही. होडी बाहेर वाहत जाणार. पण ती प्रश्नाला काय सांगून बसली होती? जिथं ठोका मोठा, तिथं सरक. प्रश्न मागं सरकला होता. त्याला कोणाचा अंदाज ठाऊक नव्हता, तो फक्त ऐकत होता.

"काका, वारो फिरलो असात. मणी खोटा बोलूचो नाय. पाठी वळा."

रेडिओवर पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसती खरखर. सुनेत्राबाई खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर काही दिसत नव्हतं, तरी उभ्या होत्या.

"बदललो!" बाबलकाका ओरडले. "सूर बदललो, अजून एक मणी पाठी गेलो तो! थांब, थांब... ठोको ऐकूक येता. बाये, ठोको! हातोडी घालता मेलो!"

त्यानंतर रेडिओवर तीन-चार माणसं एकदम बोलू लागली आणि कोणाचंच काही कळेना. मग तन्मयचा घोगरा आवाज आला. "ताई, पाणी संपला माझा. नि भूक लागली."

स्वानंदी खुर्चीत बसली आणि ओक्साबोक्शी रडली. यशोधनलाही रडू आलं. कोल्हापूरकर असल्यामुळे त्यानं ते खोकला म्हणून खपवलं.

तन्मयनं पुढं पंधरा दिवस ती गोष्ट प्रत्येक ओट्यावर सांगितली. पेटीतून जाळ आला, सगळी वीज गेली. वाळू टाकून आग विझवली, पण होडी मेली. मग तो टोकणी ठोकत बसला. हात भरून आले की थांबायचा, वल्हं पाण्यात सोडायचा आणि त्याच्या दांड्याला कान लावायचा. घोळ माशाचा आवाज जुनी माणसं असाच ऐकायची, त्याला आजोबांनी शिकवलेलं. दुपारनंतर वारा फिरला, धुळीत दिशा कळेनाशी झाली आणि बाहेर जातोय की आत येतोय याचा पत्ता लागेना. तेवढ्यात वल्ह्यातून सूर ऐकू आला.

"जल्मात पयल्यांदा पाठसून हाक ऐकलंय," तो म्हणायचा. "माका वाटला, आयेच हाक मारता. मग काय, घातलंय हातोडी."

चाळिसाच्या आसपासचे दोन मणी त्या फेरीनंतर मेले. मोसम संपेपर्यंत गावाला पुढच्या समुद्राच्या बातम्या मिळाल्या नाहीत. पुण्याचे साहेब कुरकुरले, पण नव्या मण्यांना दोन सूर लक्षात ठेवता येतील अशी सोय त्यांना करावी लागली. गावात बैठक झाली. काही जण म्हणाले, झालं ते झालं, एकदा चाललं म्हणून रोज नको, समुद्राला आवडायचं नाही. बाबलकाकांनी गाऱ्हाणं घातलं, देवाला सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी जराशा अधिकारवाणीनंच म्हणाले, "यंत्रान पाठसून हाक मारली तर ती तुझीच हाक समजान घे रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." अध्यक्षबाई मात्र त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

मार्च उलटल्यावर तन्मय पुन्हा निघाला. दुरुस्त होडी, नवी पेटी. वाळूवर नेहमीच्या बायका उभ्या होत्या, तोंड मिटून. स्वानंदी आईच्या शेजारी होती. होडी पहिली लाट चढली, दुसरी चढली.

वाळूवर पाण्याचा कॅन तसाच पडला होता.

स्वानंदीनं तो बघितला. आईनंही बघितला. आजूबाजूच्या बायकांनी बघितला आणि नजर दुसरीकडे वळवली. सुनेत्राबाईंनी पदर खोचला, गुडघाभर पाण्यात गेल्या आणि सबंध किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"तन्मयाऽऽ! ए तन्मयाऽऽऽ!"

कोणी तरी "अगे बाये" म्हणत कपाळाला हात लावला. होडी घुटमळली, वळली आणि परत आली. तन्मयनं लालबुंद चेहऱ्यानं खाली वाकून कॅन घेतला.

"आये, पाठसून हाक मारतंस?"

"इलंस मा परत?"

"इलंय."

"मगे जा आता," सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि होडी लाटेपलीकडे जाईपर्यंत पाण्यातच उभ्या राहिल्या.